गच्चीवरची गणना

तंबू उडाला तेव्हा त्याचा एक कोपरा माझ्या हातात होता.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. आमच्या कोल्हापुरातल्या इमारतीच्या गच्चीवर वाऱ्याचा एक झोत आला, हातातलं कापड सटकलं आणि तो नवाकोरा नारंगी तंबू कठड्यावरून उसळून पाण्याच्या टाकीच्या शिडीला जाऊन अडकला.

"आई, पकडायचा ना!" मुक्ता ओरडली. शौनक मात्र टाळ्या पिटत होता. सहा वर्षांच्या मुलाला याहून चांगलं काय हवं?

माझा नवरा, संग्राम, हातातल्या मोबाइलवरचा व्हिडिओ तिसऱ्यांदा मागे नेऊन बघत होता. "यात म्हणतायत, खुंट्या जमिनीत तिरक्या ठोकायच्या."

"जमीन कुठाय?" मी विचारलं.

"तेच तर."

तेवढ्यात जिन्याच्या दारातून आवाज आला. "सिमेंटात खुंटी ठोकाय निघालाय व्हय? आणि वीज खात्यात इंजिनीअर म्हणं!"

आप्पा. माझे सासरे. पट्ट्यापट्ट्याची चड्डी, वर खाकी सदरा, कमरेवर हात. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

तो टाळेबंदीचा पहिला उन्हाळा. तंबू मुक्ताच्या दहाव्या वाढदिवसाला घेतलेला. एप्रिलमध्ये एका तलावाकाठी राहायला जायचं ठरलं होतं, ते अर्थातच राहून गेलं. मे उजाडेपर्यंत घरात करण्यासारखं सगळं करून झालं होतं. कॅरमची एक सोंगटी हरवली होती. कॉफी फेटून फेटून माझा हात दुखायला लागला होता. कुकरमध्ये केलेला केक शेजाऱ्यांच्या कुत्र्यानेही खाल्ला नव्हता. मग मुक्तानेच जाहीर केलं की आपण गच्चीवर मुक्काम ठोकायचा. सेक्रेटरीकाकांकडून गच्चीची किल्ली मिळवायचं कामही तिनेच केलं, मास्क लावून, हात जोडून.

आप्पांना आम्ही विचारलंही नव्हतं. खरं सांगायचं तर आमचं, म्हणजे माझं आणि आप्पांचं, पटत नव्हतं. एकतीस वर्षं ते राधानगरीच्या जंगलात वनरक्षक होते. सासूबाई गेल्यावर संग्राम त्यांना आमच्याकडे घेऊन आला, त्याला दोन वर्षं झाली होती. दोन बेडरूमचं घर. आप्पा पहाटे साडेचारला उठत, चहाचं भांडं आपटत, आंघोळीला कढत पाणी घेत. टाळेबंदी लागल्यापासून तर सहा वाजले की रेडिओ मोठ्ठ्यानं लावत आणि बातम्या संपेपर्यंत कुणाला बोलू देत नसत. दुपारी पुन्हा बातम्या. संध्याकाळी पुन्हा. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी फळा टांगून ऑनलाइन तास घ्यायची. एकदा मी घर्षण शिकवत असताना आप्पा त्या पट्ट्यांच्या चड्डीत माझ्या मागून गेले, माठातलं पाणी प्यायले, फळ्याकडे बघितलं आणि "चुकलंय काय तरी" म्हणून निघून गेले. चुकलं होतं खरंच, एक वजाबाकीचं चिन्ह. तेव्हापासून मुलं तासाला "मॅडम, आजोबा कुठे आहेत?" असं लिहायला लागली होती. मला मुळीच हसू येत नव्हतं.

आप्पा गच्चीवर आले. शिडीवर चढून त्यांनी तंबू सोडवला. खाली जाऊन त्यांच्या ट्रंकेतला दोर घेऊन आले. रंगकामाचे रिकामे डबे गच्चीच्या कोपऱ्यात पडले होते, त्यांतले सहा आणून मुलांना म्हणाले, "पाणी भरा. काठोकाठ." भरलेल्या डब्यांच्या कड्यांना दोर बांधून त्यांनी तंबू असा ताणला की वारा त्याच्यावरून नुसता घसरून जायला लागला.

"ही गाठ वडली की घट्ट. हे टोक झटकलं की सुटती. बघितलंस?"

मुक्ता गाठीकडे बघत होती. "आप्पा, तुम्ही जंगलात तंबूतच राहायचात?"

"तंबूत साहेब लोक. आमी मचाणावर. बुद्धपौर्णिमेला तर दिवसरात्र. पाणवठ्यावर कोण कोण येतंय ते मोजायचं. गणना म्हणत्यात."

"बुद्धपौर्णिमा कधी असते?"

आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "उद्या."

*

दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर पाणवठा तयार झाला. म्हणजे माझी पिठाची मोठी परात. तिच्या कडेनं माती, चार दगड आणि कुंडीतली एक फांदी. तंबूच्या तोंडावर जुनी हिरवी चादर लावून तिला दोन भोकं पाडली. ती चादर मला हवी होती, पण कोणी विचारलं नाही.

आप्पांनी नियम सांगितले. दुपारी चार ते अंधार पडेपर्यंत आणि पहाटे उजाडल्यापासून दहापर्यंत. बोलायचं नाही, कुजबुजलेलं चालेल. शिंक आली तर नाक दाबायचं. मुलांनी नऊला झोपायचं, रात्रपाळी आप्पांची. आणि शेवटचा नियम, "दिसलं तेच लिवायचं. ऐकलेलं, वाटलेलं, कुणी सांगितलेलं चालणार न्हाई."

पॅडला त्यांनी एक मोठा कागद लावला होता. पट्टी घेऊन रकाने आखलेले. वेळ, प्राणी, संख्या, शेरा. अक्षर माझ्याहून कितीतरी सुंदर.

"मीपण बसू का?" मी विचारलं. तास संपले होते, संग्राम कामावर होता आणि खाली एकटीनं बसायचा मला कंटाळा आला होता.

"बस की. पण त्या बांगड्या काढ."

मी बांगड्या काढल्या.

पहिला अर्धा तास काहीच आलं नाही. उन्हाचा चटका अजून होता, तंबूत घामाच्या धारा. मग एक कावळा आला. परातीच्या काठावर बसला, चोचीतला पोळीचा तुकडा त्यानं पाण्यात बुडवला, भिजवला आणि खाल्ला.

"चहा-बिस्किट!" शौनक कुजबुजला आणि आम्ही सगळे तोंड दाबून हसायला लागलो. आप्पांचे खांदेही हलत होते.

साळुंख्या आल्या, चार. त्या आपापसांत भांडून आंघोळ करून गेल्या. बुलबुलाची जोडी. एक खार, जी पाण्यापाशी येऊन आमच्याच दिशेनं टक लावून बसली. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, त्यामुळे परातीत पाणी हललेलं ऐकू येत होतं. मला या शहरात असं काही ऐकू येऊ शकतं हेच माहीत नव्हतं.

शौनकचा धीर साडेपाचला संपला. "आप्पा, आपण एक वाघ लिहूया?"

"दिसला का?"

"नाही."

"मग?"

"एकच लिहूया. छोटा."

"पोरा, मी एकतीस वर्सं नोकरी केली. वाघाचा पंजा बघितला, वाघाची विष्ठा बघितली. वाघ कधी दिसला न्हाई. माझ्यासंगट कामाला होते त्यातल्या दोघांनी लिवला. मी न्हाई लिवला."

"कधीच नाही दिसला?" मुक्तानं अविश्वासानं विचारलं. गेली दोन वर्षं ती वर्गात सांगत होती की माझे आजोबा वाघाबरोबर राहायचे.

"कधीच न्हाई. त्यानं मला बघितलं असंल."

सूर्य कलल्यावर धनेश आला. आधी आवाज आला, मग समोरच्या इमारतीच्या टाकीवर एक मोठा राखाडी पक्षी उतरला, लांब शेपटी आणि विळ्यासारखी चोच. तिथून भरारी मारून तो थेट आमच्या टाकीवर येऊन बसला. दहा हातांवर.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी एक हात मुक्ताच्या आणि दुसरा शौनकच्या डोक्यावर ठेवला होता. दोन वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं, डोळे एकदम तरुण.

"धनेश," ते इतकंच म्हणाले.

पक्षी पाच मिनिटं बसला आणि उडून गेला. मग वाद सुरू झाला. तो पाण्यावर आलाच नव्हता, तर मोजायचा की नाही?

"तो पाणी पीतच न्हाई फारसं," आप्पा म्हणाले. "फळांतनं मिळतंय त्याला. नुसता बसाय आला हुता."

"पण दिसला तर खरा!" मुक्ता हट्टाला पेटली. "तुम्हीच म्हणालात, दिसलं ते लिहायचं."

आप्पांनी बराच विचार केला. एखाद्या न्यायाधीशासारखा. शेवटी संख्येच्या रकान्यात शून्य घातलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'धनेश एक. पाहुणा म्हणून आला.'

त्या संध्याकाळी गच्चीवरच जेवलो. आप्पांनी छोट्या शेगडीवर कांदा-बटाट्याचा रस्सा केला, इतका तिखट की संग्रामच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी त्यानं तीनदा वाढून घेतला. शौनक वडिलांना कावळ्याची चहा-बिस्किटाची गोष्ट पाच वेळा सांगून, सांगता सांगताच झोपला. मी दुपारपासून फोन हातात घेतला नव्हता हे झोपताना माझ्या लक्षात आलं.

*

सकाळी दहाला गणना संपली. मुलं आंघोळीला खाली पळाली, संग्राम कामावर गेलेला होता. आप्पा डब्यांचे दोर सोडत होते. जाताना मुक्तानं पॅड माझ्याकडे दिलं होतं. "आई, बेरीज कर, तू फिजिक्सची आहेस."

मी तंबूच्या सावलीत बसून बेरीज केली. एकूण त्रेसष्ट. कागद पॅडमधून काढला, तेव्हा उजेडात त्याच्या मागची अक्षरं उमटलेली दिसली. मी कागद उलटा केला.

मागचं अक्षर माझं होतं.

तो एका वृद्धाश्रमाचा अर्ज होता. गावाबाहेर, सांगली रस्त्याकडच्या एका वृद्धाश्रमाचा. फेब्रुवारीत एका रविवारी मी आणि संग्राम तो बघून आलो होतो. आप्पांना सांगितलं होतं, लग्नाला जातोय. येताना वाटेत पेढे घेतले, लग्नातले म्हणून. अर्ज मी भरला, संग्रामनं मान खाली घालून सही केली. एप्रिलच्या एक तारखेपासून खोली मिळणार होती. मग मार्च संपायच्या आत सगळंच बंद झालं, त्यांनी नवीन माणसं घेणं थांबवलं, आणि आमच्याकडची अर्जाची प्रत माझ्या कागदपत्रांच्या खणात पडून राहिली.

नाव, श्री. बळवंत रामू सुतार. पुढे जन्मतारीख. त्यातलं साल पेन्सिलनं खोडून वर दुसरं लिहिलेलं होतं.

"आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्या हातातला कागद पाहिला आणि पुन्हा दोराकडे वळले. "पाठकोरा हुता. एवढा मोठा कागद घरात दुसरा न्हवता."

"तुम्ही वाचलात?"

"मार्चमधी. गॅसचं पुस्तक हुडकत हुतो." त्यांनी एक गाठ झटकली, सुटली. "जन्मसाल चुकवलंयस. एकोणपन्नास न्हाई, सत्तेचाळीस. स्वातंत्र्याच्या साली जन्मलोय. तेवढं तरी ध्यानात ठेवायचंस."

"दोन महिने तुम्हाला ठाऊक होतं? आणि काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुमी दोघांनी ठरीवलं हुतं. पोरगा सही करून मोकळा झालाय." मग ते हसले, अगदी खरंखुरं. "तवापास्नं रोज रेडिओ लावून बसतोय. बंद उठवला का, ते ऐकाय. सारं जग म्हणतंय, कवा उठतंय, कवा उठतंय. मी एकटाच म्हणतोय, ऱ्हाऊ दे की अजून पंधरा दिवस."

मी ज्या रेडिओवर दात खायची, तो रोज तीनदा ते यासाठी लावत होते. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं आलं.

आप्पा गडबडले. हातातला दोर तसाच धरून जवळ आले, पण पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. "आगं, रडाय काय झालं? मी साडेचारला उठतोय, भांडी वाजवतोय. तुझी सासूबी वैतागायची. जंगलात जावा म्हणायची, हितं नको." मग म्हणाले, "पण ते कारण लिवलंयस ना खाली, ते बरोबर न्हाई."

मी खाली पाहिलं. 'दाखल करण्याचे कारण' यापुढे माझ्या अक्षरात होतं, 'घरी लक्ष देण्यास कोणी नाही.'

"लक्ष द्यायला माणसं हाईत. 'आमचं जमत न्हाई' असं लिवायचं. ते खरं हाय. खरं लिवलंस तर मलाबी काय वाटणार न्हाई."

जिन्यात मुलांची पावलं वाजली. मी घाईनं डोळे पुसले. ओल्या केसांची मुक्ता वर आली आणि तिनं माझ्या हातातून कागद ओढून घेतला.

"किती झाले?"

"त्रेसष्ट."

"आणि एक पाहुणा," शौनक म्हणाला.

"मी हा फ्रिजवर लावणार आहे," मुक्ता म्हणाली. "कायमचा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी आप्पांकडे. "लाव की," ते म्हणाले. "चांगला चिकटव म्हंजे झालं."

तो कागद फ्रिजच्या दारावर लागला. पुढे गणना, मागे अर्ज. त्या रात्री जेवण झाल्यावर मी संग्रामला सगळं सांगितलं. त्यानं जाऊन कागदाचं एक टोक उचललं, पेन्सिलनं केलेली दुरुस्ती वाचली आणि टोक पुन्हा नीट चिकटवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला, आंघोळ करून थेट आप्पांसमोर जाऊन बसला आणि म्हणाला, "आप्पा, ती गाठ मलाही शिकवा." तासभर दोघं दोराशी खेळत होते. संग्रामला गाठ काही जमली नाही. आप्पा त्याला मनसोक्त शिव्या देत होते आणि तो ऐकून घेत होता.

यानंतर आमचं छान जमायला लागलं असं म्हणाल तर तसं झालं नाही. चार दिवसांत माझी आणि त्यांची पुन्हा खडाजंगी झाली, कढत पाण्यावरून. पण भांडण झालं ते तोंडावर झालं. आधी मी न बोलता संग्रामकडे बघायची, ते न बोलता ट्रंक आवरायला घ्यायचे. आता मी म्हणायची, "आप्पा, साडेपाचच्या आधी भांडं वाजलं तर मी लपवून ठेवीन." ते म्हणायचे, "लपव, मी ताटलीत चहा करीन." जूनमध्ये मी वृद्धाश्रमाला फोन करून नाव काढून घेतलं. सेक्रेटरीकाकांकडून गच्चीच्या किल्लीची नक्कल करून घेतली आणि ती आप्पांना दिली. पहाटेचा त्यांचा चहा वर जायला लागला.

दोन वर्षांनी सगळे निर्बंध उठल्यावर आप्पा एके दिवशी म्हणाले, "ती जागा दाखव मला."

"कुठली?"

"सांगली रस्त्याची. बघू तर दे, काय हुकलं ते."

मला नको होतं. पण ते ऐकेनात. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. आप्पांनी साहेब तपासणीला आल्यासारखी सगळी जागा पाहिली. खोल्या स्वच्छ होत्या, माणसं चांगली होती. फाटकापासून दारापर्यंत उंच अशोकांची रांग होती, तिच्याकडे बघून ते म्हणाले, "ही झाडं न्हवंत, खांब हाईत." मग पारावर बसलेल्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरशी त्यांचं बोलणं सुरू झालं, त्यात आणखी चारजण आले. मी तासभर स्कूटरपाशी उभी.

परत येताना मागून म्हणाले, "दर रविवारी येतो म्हणून सांगितलंय. त्यास्नी पाखरं वळखाय येत न्हाईत. दिवसभर बसून असत्यात आणि डोक्यावर काय बसलंय ते ठाऊक न्हाई."

तेव्हापासून हा नेम आहे. आप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रविवारी सकाळी सातला मी त्यांना तिथं सोडते आणि अकराला आणायला जाते. ते आत रमतात, हसतात, सगळ्यांना दटावतात. पण तिथला वॉचमन मला एकदा म्हणाला, "ताई, साडेदहा वाजले की बाबा पिशवी घेऊन फाटकाशी येऊन उभे राहतात. बसा म्हटलं तरी बसत नाहीत."

मी आजपर्यंत एकदाही उशीर केलेला नाही.